समुद्राच्या कामाला नाशिक

गुरुवार

तपोवन एक्स्प्रेसने नाशिकरोडला उतरलो तर मामा स्वेटर, मफलर, कानटोपी अशा पूर्ण बंदोबस्तात फलाटावर उभे. "निफाडचा पारा परत घसरलाय," हे स्वागत. आणि लगेच, "समुद्र सोडून इकडं कुठं वाट चुकलास?"

माझं काम किनाऱ्याच्या नकाशांचं. भरतीरेषा कुठून जाते, खाडीचं खारं पाणी आत कुठवर चढतं, कोणतं घर रेषेच्या अलीकडे आणि कोणतं पलीकडे, हे तपासत बसायचं. धूप झाली की आम्ही पुळणीवर उभं राहून ती मोजतो. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राच्या पाहणीत १९९० पासूनच्या जवळजवळ तीन दशकांत देशाचा सुमारे एक तृतीयांश किनारा झिजलेला दिसला. लाटा, वादळं, बंदरांचे बांध ही कारणं खरीच. पण पुळणीला वाळू आणि खाडीला गाळ पुरवणारी नदी आमच्या नकाशात खाडीच्या तोंडाशी सुरू होते आणि थोडं आत जाऊन कागदाबाहेर पडते. कागदाबाहेर काय चाललंय ते बघायचं होतं. मामा पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. खात्याचं नाव कधीच जलसंपदा झालं, मामांच्या तोंडी अजून पाटबंधारेच. धरणांवर फिरायला त्यांच्याहून चांगला सोबती नाही.

दुपारी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, गेलो. थंडीतही रामकुंडावर गर्दी होतीच. दुतोंड्या मारुतीच्या पायाशी मुलं क्रिकेट खेळत होती. पुराच्या दिवसांत नाशिककर पाण्याची उंची याच मारुतीवर मोजतात: पायाला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं. वर्तमानपत्रंही क्यूसेकचा आकडा देऊन झाला की मारुतीवर येतात. १९६९ च्या महापुराच्या आठवणी मामांना आहेत. २००८ च्या पुरानंतर शहरात पूररेषा आखल्या गेल्या, त्या वेळी ते नोकरीत होते. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभरातून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी.

"रेषा आखली त्या दिवसापासून लोक ती हलवायच्या मागे लागले," मामा म्हणाले.

मला हसू आलं, कारण आमच्याकडे दुसरं काय होतं? किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा तिने नियमाखाली आणला. मग २०११ ला नवी अधिसूचना, २०१९ ला आणखी नवी. खाडीकाठचा १०० मीटरचा पट्टा ५० वर आला. दाट वस्तीच्या गावांत समुद्राकाठचा २०० मीटरचा ना-विकास पट्टाही ५० चा झाला. तरी किनाऱ्याला निदान रेषा उरली आहे. नद्यांपासून कारखान्यांनी किती लांब राहायचं हे सांगणारं राज्याचं नदी नियमन क्षेत्र धोरण २००० साली आलं, २००९ मध्ये सुधारलं आणि २०१५ मध्ये रद्द झालं. हे मी सांगितलं तेव्हा मामा घाटाच्या काँक्रीटकडे बघत राहिले. इथल्या नदीपात्रातली जुनी कुंडं त्या काँक्रीटखाली गेली आहेत.

मिसळीबद्दल या लिखाणात काही येणार नाही. त्यावर इतरांनी पुरेसं लिहिलं आहे.

शुक्रवार

त्र्यंबक. कुशावर्तापाशी न रेंगाळता ब्रह्मगिरीच्या पायऱ्या धरल्या. मामा मेटापर्यंत, म्हणजे डोंगराच्या मधल्या वाडीपर्यंत, आले आणि "तू ये जाऊन" म्हणून चहाच्या टपरीवर बसले.

ब्रह्मगिरीची उंची १२९५ मीटर. वरून पूर्वेला त्र्यंबक गाव, देवळाचा कळस, तळी आणि पुढे नाशिककडे सपाट होत गेलेला मुलूख. दुसऱ्या बाजूला घाट तुटत तुटत खाली कोकणात उतरतो आणि हवा स्वच्छ असेल तर वैतरणेच्या जलाशयाचं पाणी चमकतं. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या आसपास. गोदावरी मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. याच डोंगररांगेतली वैतरणा पश्चिमेला उतरते आणि अर्नाळ्याच्या किल्ल्यापाशी समुद्राला मिळते. मिळत होती, असं म्हणणं जास्त बरोबर.

दुपारी ऊर्ध्व वैतरणेवर गेलो तेव्हा ते पटलं. १९७३ साली पूर्ण झालेलं हे धरण. इथून सोडलेलं पाणी वीज देऊन खाली मोडकसागरात जातं आणि तिथून मुंबईच्या नळांना. समुद्रापर्यंत ते अखेरीस पोचतंच, पण मोरीतून, गटारातून, वरळी-वांद्र्याला समुद्रात सोडलेल्या सांडपाण्याच्या बोगद्यांतून. म्हणजे समुद्राच्या दृष्टीने पाणी आलं, पण भलत्याच ठिकाणी, भलत्याच वेळी आणि गाळाशिवाय. नदी पावसाळ्यात वाळू, माती आणि कातळातून विरघळलेली सिलिका घेऊन यायची. सह्याद्रीच्या काळ्या दगडातून येणारी ही सिलिका समुद्रातल्या डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाला कवच बांधायला लागते, आणि माशांच्या अन्नसाखळीची सुरुवात त्या शेवाळापासून होते. खाडीत वाढणाऱ्या कोळंबीच्या पिल्लांना गोडं आणि खारं यांची सरमिसळ लागते. तुमच्या आमच्या नळाला यातलं काही कळायचं कारण नाही.

किनारा नियमनातली एक तरतूद या धरणाच्या भिंतीवर उभं राहून फार वेगळी वाटली. खाडी किंवा नदी आत कुठवर 'भरतीच्या प्रभावाखाली' धरायची? तर वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत पाण्याची क्षारता हजारी पाच भाग असेल तिथवर. आता वरून उन्हाळ्यात येणारं गोडं पाणी धरणाने अडवलं, की खारं पाणी आत सरकणार. ज्या रेषेवरून पालघर जिल्ह्यातल्या माणसाचं घर कायदेशीर की बेकायदेशीर हे ठरतं, ती रेषा इगतपुरी तालुक्यातल्या धरणामुळे हलू शकते. आणि ती रेषा राखणाऱ्या किनारा क्षेत्र प्राधिकरणाला या धरणाबद्दल बोलायचा अधिकार काडीचाही नाही.

मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "धरणावरच्या माणसाला तरी कुठं माहितीय की त्याच्या हातात तुझी रेषा आहे?"

शनिवार

गंगापूर धरण. मातीचं, १९६५ मध्ये पूर्ण झालेलं. हल्ली लोक इथे नौकाविहाराला येतात. आम्ही गाळाचं बघायला आलो होतो आणि गाळ तर पाण्याखाली, त्यामुळे बघण्यासारखं फारसं नव्हतं. पण आकड्यांत तो दिसतो. धरणाची क्षमता आज ५६३० दलघफू (दशलक्ष घनफूट) मोजतात. मूळची सात हजारांच्या वर होती. मधला फरक डोंगरावरून आलेल्या मातीने भरला. अशा मोजण्या उपग्रहचित्रांवरून करण्याचं काम नाशिकच्याच दिंडोरी रस्त्यावरच्या 'मेरी'त, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत चालतं. ही संस्था १९५९ ची. धरणात गाळ किती साठला याची नोंद ठेवणारे लोक आहेत. तो खाली पोचला नाही याची नोंद ठेवणं कुणाचंच काम नाही.

उन्हाळ्यात तलावांतला गाळ काढून शेतात टाकतात. २०१७ पासून त्याची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजनाच आहे. योजना चांगली आहे. पण गिरणाऱ्याच्या वाटेवर टोमॅटोचे मळे बघताना माझ्या डोक्यात आलंच, की यातली काही माती आंध्रात, गोदावरीच्या मुखाजवळच्या काकीनाड्याच्या समुद्रकाठी निघाली होती.

रविवार

पहाटे नांदूर मध्यमेश्वर. निफाडच्या पुढे उसाच्या फडांमधून रस्ता, दोन्हीकडे धुकं, आणि समोरून कांद्याचे ट्रॅक्टर. खाणगाव थडीच्या फाटकावर गाईडचं काम करणारा मुलगा दुर्बीण आणि स्कोप घेऊन तयार होता. गावातलाच पोरगा, पक्ष्यांची मराठी, इंग्रजी दोन्ही नावं तोंडपाठ.

इथे मी ठरवल्यापेक्षा फार जास्त वेळ थांबलो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी इंग्रजांनी बंधारा घातला, कोपरगाव-राहात्याकडे कालवे न्यायला. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला. पाणी उथळ झालं, बेटं वर आली, त्यांवर लव्हाळं आणि बाभळी उगवल्या, आणि हिवाळी पाहुण्यांना जागा झाली. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. एका पाटबंधाऱ्याच्या कामाच्या बिघाडातून, म्हणजे साठवण कमी होण्यातून, हे सगळं घडलं. मामांच्या खात्याने याला तूट म्हणायचं आणि वनखात्याने वैभव!

धुकं उठलं तसं पाणी दिसायला लागलं. वारकऱ्यांचे काळे थवे, थापट्या, तलवार बदकं, कडेला मोर शराटी. दलदलीवरून दलदल ससाणा खालून गेला की सगळी बदकं एकदम उठायची आणि परत बसायची. पोराने स्कोप फिरवून दिला: चिखलात चोची खुपसत चालणारे काळ्या शेपटीचे पाणटिवळे. हे पक्षी मी खाडीच्या चिखलावर बघतो, तेच इथे. चिखल कोणत्या खात्याच्या नकाशात येतो हे त्यांना विचारायची गरज पडत नाही.

त्रिभुज प्रदेश कसा बनतो हे शिकवायला यापेक्षा चांगली जागा नाही. वाहतं पाणी मंदावलं की आधी जड वाळू खाली बसते, मग माती. पाण्याला फाटे फुटतात, मध्ये बेट राहतं, वनस्पती ते धरून ठेवते. हे जे बंधाऱ्यामागे छोट्या प्रमाणात झालं, तेच आंध्रच्या किनाऱ्यावर हजारो वर्षांत झालं. तिथे राजमुंद्रीजवळच्या दौलेश्वरम् बंधाऱ्याखाली नदीचे गौतमी आणि वसिष्ठा असे मोठे फाटे होतात. हा बंधारा आर्थर कॉटनने १८५२ मध्ये पुरा केला. पण नवी माती आली नाही तर त्रिभुज प्रदेश जागच्या जागी राहत नाही. जुना चिखल स्वतःच्या वजनाने दबत खाली बसतो, समुद्र वर येतो आणि लाटा कड खात राहतात. १९७० च्या दशकात गोदावरी वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ खाली नेत होती. १९९० च्या दशकातल्या मोजण्यांत तो सहा कोटींच्या खाली आला. पाऊस तितका घटला नाही, मध्ये धरणं आली. काकीनाड्याजवळचं उप्पाडा गाव घरं, रस्ता, देवळं समुद्राला देत मागे सरकलं आहे. तिथे दगडी बांध घालतात, तो खचतो, परत घालतात. कोरिंगाचं खारफुटीचं जंगलही याच चिखलावर उभं आहे.

या साऱ्याचा दोष एकट्या नाशिकवर टाकता येणार नाही. नाशिक हे सुरुवातीचं टोक. पुढे पैठण, तेलंगणातलं पोचमपाड, कितीतरी धरणं आहेत. पण पाण्याच्या भांडणाचा नकाशा बघा. नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा वाद दर तुटीच्या वर्षी पेटतो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटपाचं कलम आहे, मेंढेगिरी समितीने वरच्या धरणांतून किती सोडायचं याची कोष्टकं दिली, उच्च न्यायालयापर्यंत प्रकरणं गेली. जायकवाडीकडे किती पाणी गेलं याचा हिशेब याच नांदूर मध्यमेश्वरला मोजलेल्या विसर्गावर रोज छापून येतो. आणि तो हिशेब पैठणला संपतो. १९८० च्या गोदावरी पाणीतंटा लवादाच्या निवाड्याने पैठणपर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्राने वापरावं असं मान्य केलं आहे. सगळं. त्यात खालच्या राज्यांशी झालेले करार आहेत, प्रत्येकाचा वाटा आहे. समुद्राचा नाही.

मनोऱ्यावरून उतरल्यावर एका शेतकऱ्याची गाठ पडली. द्राक्षाची बाग, माल दीड-दोन महिन्यांवर आलेला. पक्ष्यांबद्दल त्यांना राग नव्हता, पाण्याबद्दल होता. "भाऊ, वरून विसर्ग वाढला की हा बंधारा पाणी मागं फेकतो. चांदोरी, सायखेडा पाण्यात. गाळ साठलाय तो काढा म्हणतो आम्ही, तर म्हणे पक्ष्यांची जागा आहे."

मी काहीच बोललो नाही. गाळ वाहू द्या म्हणणारा माणूस गाळाच्या बेटांवरचे पाणटिवळे बघून नुकताच खाली उतरला होता. मामांना ते कळलं असावं. त्यांनी द्राक्षाच्या भावाचा विषय काढला.

सोमवार

सुरगाणा. वणीवरून निघून घाट चढलो-उतरलो. बोरगावच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही कडांना स्ट्रॉबेरीचे स्टॉल. केम डोंगराच्या पट्ट्यात गिरणा पूर्वेला निघते आणि नार, पार पश्चिमेला. गिरणेचं पाणी तापीतून, पारेचं पाणी पारडीजवळ थेट अरबी समुद्राला. डोंगर एक, आणि त्यावर आता सर्वांचा डोळा. नार-पार-गिरणा जोड प्रकल्पाला राज्याने २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्याआधी पार-तापी-नर्मदा जोडाविरुद्ध २०२२ मध्ये डांग-वलसाडच्या आदिवासींनी मोर्चे काढले आणि गुजरात सरकारला तो बाजूला ठेवावा लागला.

या सगळ्या योजनांच्या समर्थनात एकच वाक्य असतं: पश्चिमेचं पाणी समुद्रात वाया जातं. निवडणुकीच्या सभेत असतं, अहवालात असतं, मामांच्याही बोलण्यात काल रात्री आलं. मला विचाराल तर किनारा धोरणाचं सर्वांत जास्त नुकसान या वाक्याने केलं आहे. वाया गेलेल्या पाण्याचं नेमकं काय होतं हे बघायचं तर भरूचला जावं. नर्मदेवर सरदार सरोवर झालं, खाली सोडायचं पाणी ६०० क्यूसेकवर बसवलं गेलं. पुढे खाडीचं खारं पाणी आत चढत गेलं, पावसाळ्यात समुद्रातून नदीत चढणारी हिलसा रोडावली आणि त्या मासळीवर जगणारी गावं बसली. आता तिथे खारं पाणी अडवायला नदीच्या मुखापाशी भाडभूतला बंधारा बांधायला घेतला आहे. आधी गोडं अडवायला धरण, मग खारं अडवायला बंधारा.

हे सगळं मी एका स्टॉलवर जरा जोरातच मामांना सुनावत होतो. स्ट्रॉबेरी भरून देणाऱ्या बाई ऐकत होत्या. त्यांनी खोकं बांधलं, सुट्टे पैसे दिले आणि म्हणाल्या, "दादा, आमचं पाणी तिकडं गिरणेला द्यायचं की समुद्राला द्यायचं, ते तुम्ही ठरवा. चैत्रात आमच्या पाड्यावर टँकर कोण पाठवणार ते तेवढं सांगा."

पावसाळ्यात इथे इतका पाऊस पडतो की ओढे ओलांडता येत नाहीत, आणि उन्हाळ्यात बाया झऱ्याच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. पेठ-सुरगाण्याचं हे दुखणं जुनं आहे. मोठ्या धरणाने ते मिटत नाही, कारण धरणाचं पाणी कालव्याने खालच्या सपाटीला जातं आणि पाडा वर राहतो. ताईंच्या प्रश्नाला माझ्या खाडीच्या विज्ञानात उत्तर नव्हतं. पण एक दिसलं. त्यांना लागणारं पाणी लहान बंधाऱ्यांचं, झऱ्यांच्या राखणीचं. ते अडवल्याने पारडीच्या खाडीचं काही बिघडत नाही. खाडीचं बिघडतं ते डोंगर ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात नेलेल्या पाण्याने. म्हणजे समुद्र आणि पाडा हे एकमेकांचे वाटेकरी नाहीतच. सभेतल्या भाषणात त्यांना समोरासमोर उभं करतात.

मंगळवार

परतीची गाडी संध्याकाळची. मामींनी थालीपीठं लावली आणि मामांनी कागद-पेन काढलं.

"आकडा सांग. समुद्रासाठी किती सोडायचं?"

नुसता आकडा सांगून भागत नाही, हे समजावायला तासभर गेला. किती यापेक्षा कधी हे महत्त्वाचं. पहिल्या दोन-तीन मोठ्या पुरांत वर्षाचा बराचसा गाळ जातो. ते पूर साठवून हिवाळ्यात तेवढंच पाणी सोडलं तर कागदावर हिशेब जुळेल आणि खाडीला मिळेल नुसतं पाणी.

"अरे पण गाळ बसतो तळाला आणि दरवाजे वर," मामा म्हणाले. "गंगापूरच्या भिंतीला आता तळातून भोकं पाडणारेस का? जुन्या मातीच्या धरणात तू म्हणतोस ते होतच नाही."

"जुन्यात नाही. पण अजून बांधायच्यांत?"

यावर ते थांबले. नव्या धरणाच्या आराखड्यात तळदरवाजे ठेवता येतात, पावसाळ्याच्या सुरुवातीला जलाशय खाली ठेवून गाळाचं पाणी जाऊ देता येतं. जगात काही ठिकाणी असं करतात, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. थोडी साठवण जाते, धरणाचं आयुष्य वाढतं. "ते कुणी मागितलं तर होईल," ते म्हणाले. "पैठणवाले कोर्टात उभे राहिले म्हणून त्यांना पाणी मिळालं. तुझे कोळी कुठंयत?"

प्रश्न नेमका होता. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार जनसुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळ, त्या त्या जिल्ह्यात होते. सुरगाण्यातल्या धरणाची सुनावणी सुरगाण्यात होईल. नदीच्या मुखावरचा मच्छीमार तिथे येणार कसा, आणि त्याला बोलावणार कोण? पण त्याच अधिसूचनेत एक फट आहे. ज्यांचा प्रकल्पाच्या पर्यावरणीय बाजूंशी संबंध पोचतो, अशा कुणालाही लेखी म्हणणं पाठवता येतं. जिल्ह्याची अट नाही.

मामांनी पाठकोरा कागद पुढे ओढला आणि वर 'विषय' लिहून खाली रेघ मारली. मुद्दा पहिला: प्रकल्पामुळे नदीमुखाशी जाणाऱ्या गाळात होणारी घट टनांत मोजून अहवालात द्यावी. दुसरा: खाडीतल्या क्षारतेची कोरड्या दिवसांतली रेषा प्रकल्पाआधी मोजून ठेवावी. तिसऱ्यावर आमचं वाजलं. मला नदीमुखाच्या गावांत सुनावणी हवी होती, मामांना तळदरवाजे. शेवटी दोन्ही घातले, आणि चौथा मुद्दा मामींनी स्वयंपाकघरातून सांगितला: आधी धरणाजवळच्या पाड्यांच्या पिण्याच्या पाण्याची सोय. तो वर नेऊन पहिला केला. मसुदा टाइप करायचं काम माझ्याकडे आलं, खात्याच्या भाषेत बसवायचं मामांकडे.